बालसखीच्या पाठीशी कोण उभे होते?

14 ऑक्टोबर 2019 ला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली, तेव्हा मराठी बातम्यांना लगेच एक घरचा धागा सापडला. विजेत्यांपैकी अभिजित बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर. कौतुक रास्तच होते. त्या गडबडीत पारितोषिक समितीच्या पत्रकातले एक वाक्य मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटले. पारितोषिक मिळालेल्या संशोधकांच्या एका अभ्यासाचा थेट परिणाम म्हणून भारतातल्या 50 लाखांहून अधिक मुलांना शाळेतल्या पूरक शिकवणीचा फायदा झाला, असे त्यात म्हटले होते.

ही शिकवणी सुरू झाली मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये. शिकवणाऱ्या मुली शाळेच्या आसपासच्या वस्तीतल्याच, शालान्त शिक्षण झालेल्या. महिन्याचे मानधन 500 ते 750 रुपये. त्यांना ‘बालसखी’ म्हणत आणि उपक्रम होता ‘प्रथम’ या संस्थेचा. साडेसातशे रुपये महिना ते स्टॉकहोम असा हा पल्ला गाठायला मध्ये बऱ्याच वजनदार लोकांचे हात लागले: महापालिका, युनिसेफ, बँकवाले, उद्योगपती, परदेशातले प्राध्यापक, अमेरिकेतले दानशूर भारतीय, मोठमोठ्या फाउंडेशन. गरीब मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला असे कुणीतरी पाठीशी हवे असते. पाठीशी उभे राहणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो.

सुरुवात: महापालिकेच्या दारात

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमध्ये प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न वरवर पाहता सुटत आला होता. शाळा होत्या, शिक्षक होते, पटावर मुलांची नावे होती. तिसरी-चौथीत पोहोचलेल्या कितीतरी मुलांना पहिलीचे धडे मात्र वाचता येत नव्हते. धडा तोंडपाठ असे. बोट ठेवून मधलाच एखादा शब्द विचारला की मूल गप्प. वर्गात पन्नास-साठ मुले असताना शिक्षक चौथीचे पुस्तक शिकवत पुढे जाई, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा असे. मागे राहिलेले मूल तसेच मागे राही.

1994-95 च्या सुमारास मुंबई महापालिकेचे तत्कालीन आयुक्त, युनिसेफ आणि शहरातले काही नामवंत नागरिक यांनी मिळून सार्वजनिक न्यास स्थापला. तोच प्रथम. कामाची धुरा घेतली माधव चव्हाण यांनी. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, अमेरिकेत शिकून आणि शिकवून परतलेले. लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे हे चिरंजीव. 1989 पासून ते मुंबईतल्या वस्त्यांत साक्षरता मोहिमेचे काम करत होते. त्यांच्या जोडीला होत्या फरीदा लांबे. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या लांबेबाईंना महापालिकेच्या शाळांचे अंतरंग आधीपासून ठाऊक होते. एकाला चळवळीची भाषा येत होती, दुसरीला शाळेच्या दप्तराची. काम टिकले त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे, असे मी मानतो.

आयुक्त स्वतः संस्थापकांत असणे ही गोष्ट साधी नाही. आपल्याकडे स्वयंसेवी संस्थेला महापालिकेच्या शाळेत पाऊल टाकायचे तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग विभागाकडे, मग मुख्याध्यापकांकडे. प्रत्येक टेबलावर ‘वरून लेखी आणा’ हे ऐकायचे. प्रथमला ही दारे आतून उघडलेली मिळाली. खोली वापरायची परवानगी, हजेरीपट पाहायची मुभा, शाळेच्या वेळेत मुले वर्गाबाहेर नेण्याची संमती, यांतल्या कुठल्याच गोष्टीला पैसे पडत नाहीत आणि पैसे देऊनही त्या मिळत नाहीत. ‘मान्यवर पाठीराखे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धनादेशाची मोठी प्रतिकृती हातात धरलेला फोटो येतो. इथला पहिला आणि सर्वांत मोलाचा आधार परिपत्रकाच्या रूपात होता.

याला एक काळी बाजू आहे. आयुक्ताची बदली होते. नवा माणूस येतो, त्याचे प्राधान्यक्रम वेगळे असतात. व्यक्तीच्या सदिच्छेवर उभे असलेले काम तिच्या बदलीबरोबर कोलमडते, हे आपण जिल्हा परिषदांत कितीदा पाहतो. इथे महापालिका, युनिसेफ आणि नागरिक यांनी मिळून न्यासच स्थापला होता, पाठिंबा एका माणसापुरता नव्हता, म्हणून माणसे बदलली तरी तो उरला. नवी संस्था काढणाऱ्यांनी घटनापत्र लिहिताना हे जरूर लक्षात घ्यावे.

दोन तासांचा वर्ग

प्रथमने आधी बालवाड्या काढल्या. देवळात, कुणाच्या घरात, मंडळाच्या कार्यालयात, जिथे जागा मिळेल तिथे. शिकवायला वस्तीतल्याच बायका. याच धाटणीवर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बालसखी उपक्रम उभा राहिला.

शाळा साधारण चार तासांची. त्यातले दोन तास तिसरी किंवा चौथीच्या वर्गातून पंधरा-वीस मुले उठून बालसखीबरोबर जात. ही मुले शिक्षकानेच निवडलेली, मागे पडलेली. रिकामा वर्ग मिळाला तर वर्गात, नाहीतर मैदानात, तेही नसेल तर व्हरांड्यात. तिथे चौथीचा अभ्यासक्रम बाजूला ठेवायचा आणि पहिली-दुसरीत जे यायला हवे होते तेवढेच हाताशी घ्यायचे: अक्षरे, बाराखडी, शब्द, दोन ओळींची गोष्ट, शंभरपर्यंतचे अंक, हातच्याची बेरीज. बालसखीला वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि पुढे वर्षभर कुणीतरी येऊन तिचा वर्ग पाहून जाई.

यात एक बारकी गोष्ट आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. एकाच इमारतीत खाली उर्दू, वर मराठी, असे नेहमीचे. या सगळ्या भाषांचे प्रशिक्षित शिक्षक बाहेरून आणायचे म्हटले असते तर प्रस्तावच फाइलीत राहिला असता. शाळेच्या मागच्या गल्लीतली मुलगी मात्र मुलांचीच भाषा बोलत असे, त्यांच्या घरी कोण कामाला जाते हे तिला माहीत असे, आणि मूल चार दिवस आले नाही तर ती घरी जाऊन विचारू शकत असे.

मुलाला नेमके कुठपर्यंत येते हे शोधायची प्रथमची रीत पुढे देशभर गाजली. तीही जवळून पाहण्यासारखी आहे. एकच कागद. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला शेजारी बसवायचे आणि आधी उतारा द्यायचा. सरळ वाचला तर गोष्ट. अडखळला तर शब्दांकडे यायचे आणि त्याला हवे ते पाच शब्द वाचायला सांगायचे. चार बरोबर आले तर तो ‘शब्द’ पातळीवर. तेही नाही जमले तर अक्षरे. काही मिनिटांत काम होते. गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. हाती येते ते इतकेच की उद्या या मुलाला कुठून शिकवायला घ्यायचे.

2005 मध्ये याच कागदावर ‘असर’ची, म्हणजे ग्रामीण भागातल्या मुलांना वाचता-मोजता येते का हे तपासणाऱ्या वार्षिक अहवालाची, पहिली देशव्यापी पाहणी झाली. 7 ते 12 वयोगटातल्या 44 टक्के मुलांना साधा उतारा वाचता येत नाही आणि निम्म्यांना साधी वजाबाकी येत नाही, हे त्यातून पुढे आले.

पैसा, नाव आणि मोजमाप

उद्योगजगत प्रथमच्या मागे लवकर आले. आयसीआयसीआयचे नारायणन वाघुल दीर्घकाळ संस्थेशी जोडलेले होते. पुढे प्रथम एज्युकेशन फाउंडेशनचे अध्यक्षपद अजय पिरामल यांनी सांभाळले. 1999 मध्ये ह्यूस्टनचे उद्योजक विजय गोराडिया यांनी अमेरिकेत प्रथमची शाखा उभी केली आणि तिथल्या भारतीयांकडून वर्षानुवर्षे निधी येत राहिला. अशा संध्याकाळच्या मेजवान्या, भाषणे, टेबलांची विक्री हे सगळे आपल्याकडे थोडे नाक मुरडून पाहिले जाते. मला त्यात गैर वाटत नाही. त्या पैशावर मानधने निघाली, कागद छापले गेले.

बँकवाल्यांचा पाठिंबा कामाच्या वळणावर परिणाम करून गेला, तो मात्र पैशापेक्षा वेगळ्या कारणाने. हिशेब विचारायची त्यांची सवय. इतक्या मुलांवर इतका खर्च झाला, मग मूल शिकले का? बहुतेक संस्था या प्रश्नाला लाभार्थींच्या संख्येने उत्तर देतात. ‘यंदा आपण 12 वस्त्यांत पोहोचलो’ अशा धर्तीचे वार्षिक अहवाल आपण सगळ्यांनी वाचले आहेत, लिहिलेही आहेत. प्रथमने 2000 च्या आसपास यापेक्षा फार अवघड वाट धरली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो (पुढे नोबेल मिळाले ते यांनाच), त्यांच्याबरोबर शॉन कोल आणि ली लिंडेन, यांना मुंबई आणि बडोद्यातल्या आपल्या कामाची परीक्षा घेऊ दिली.

परीक्षेची मांडणी साधी होती आणि न्याय्यही. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा दोन गटांत वाटल्या. एका गटात बालसखी तिसरीला मिळे, दुसऱ्यात चौथीला. पुढच्या वर्षी उलट. त्यामुळे कुठलीच शाळा पूर्णपणे वगळली गेली नाही आणि तरी तुलनेला जागा राहिली. दरवर्षी 15,000 हून अधिक मुले या मोजणीत होती.

ज्यांनी कधी अभ्यासवर्ग चालवला आहे त्यांना यातली जोखीम कळेल. निकाल शून्य निघाला तर? देणगीदार निघून जातील, महापालिका खोल्या काढून घेईल, वर्तमानपत्रे लिहितील. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून काम वर्षानुवर्षे चालवता येत असताना ही परीक्षा ओढवून घ्यायची कुणावरही सक्ती नव्हती. संस्थेचे धैर्य यात आहेच. पण असे धैर्य ज्यांच्या नावाला आणि पैशाला धक्का लागू शकतो त्यांच्या संमतीशिवाय दाखवता येत नाही. विश्वस्तांनी ‘मोजा’ म्हटले, याला मी त्यांच्या देणगीपेक्षा मोठा पाठिंबा समजतो.

अडचणी आल्याच. 2002 च्या दंगलींनी बडोद्यातले वर्ष विस्कटले. मुंबईत दुसऱ्या वर्षी नेमून दिलेल्या सगळ्या शाळांत बालसखी पोहोचू शकल्या नाहीत. तरीही ज्या शाळांत त्या पोहोचल्या नाहीत त्या शाळा हिशेबातून वगळल्या नाहीत. जे प्रत्यक्ष घडले तेच मोजले.

निकाल

2007 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी गुणांत 0.14 प्रमाण विचलनाची वाढ, दुसऱ्या वर्षी 0.28. हे आकडे सामान्य वाचकाला काही सांगत नाहीत, म्हणून दुसऱ्या प्रकारे सांगतो. शंभर मुले गुणांनुसार ओळीत उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाला 0.28 ने पुढे नेले, तर ते साधारण अकरा जणांना मागे टाकते. मधली झेप इतकी असली तरी सर्वांत मोठा फायदा वर्गाच्या तळाच्या मुलांना झाला. शिकवणी ज्यांच्यासाठी होती त्यांनाच ती लागू पडली. असे नेहमी घडत नाही.

दुसरा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेली की मूळ वर्गात उरलेल्यांची संख्या कमी होई. शिक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळे. तरी त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे वर्ग लहान होण्याने काही साधले नव्हते. मूल जिथे होते तिथून शिकवायला सुरुवात झाल्याने साधले होते. आपल्या शिक्षणचर्चेत पटसंख्येवर खर्च झालेली शाई पाहता, या एका ओळीची चर्चा महाराष्ट्रात जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही, याची मला खंत आहे.

बडोद्यात त्याच काळात संगणकाचाही प्रयोग झाला. गुजरात सरकारने शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि 2002 मध्ये पाहिले तर फार थोड्या ठिकाणी मुले ते वापरत होती. प्रथमने गणिताचे खेळ घालून आठवड्याला दोन तास मुलांना त्यांच्यासमोर बसवले. गणितात चांगली वाढ झाली: पहिल्या वर्षी 0.35, दुसऱ्या वर्षी 0.47. पण खर्चाच्या तुलनेत बालसखी कित्येक पटींनी स्वस्त पडली. तिच्यासाठी मुलामागे वर्षाला साधारण सव्वादोन डॉलर लागत, संगणकासाठी पंधरा. देणगी म्हणून संगणक देऊ करणाऱ्या प्रत्येक सद्गृहस्थापुढे हे दोन आकडे ठेवावेत.

आणि आता ती गोष्ट, जी निधिसंकलनाच्या पत्रकात कुणी छापत नाही. शिकवणी संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले तेव्हा फायदा बराच ओसरलेला होता, साधारण 0.10 इतका उरला होता. शून्य झाला नाही, पण वर्षभर ज्या मुलाला हात दिला ते पुन्हा पन्नास-साठच्या वर्गात, पुन्हा त्याच वेगात गेले तर असेच होणार. संशोधकांनी हे लपवले नाही, संस्थेनेही नाही.

जौनपूर

पाठीराख्यांची खरी परीक्षा अपयशात होते, आणि तीही या प्रकरणात झाली. 2005-06 मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत नवा प्रयोग झाला. कल्पना आकर्षक होती: गावकऱ्यांना शिक्षण समितीच्या अधिकारांची माहिती द्यायची, काही गावांत त्यांना स्वतःच मुलांची चाचणी घ्यायला शिकवायचे, आणि आणखी काही गावांत तरुण स्वयंसेवकांकडून वाचनवर्ग चालवायचे. गाव जागे झाले की शाळा सुधारेल, असा विश्वास होता. लोकसहभागावर श्रद्धा असलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांचा तोच असतो.

शाळा सुधारल्या नाहीत. माहितीने काही हलले नाही, चाचण्यांनीही नाही. वाचनवर्ग झाले तिथे मात्र वेगळेच चित्र दिसले. जी मुले वर्गाला आली ती विलक्षण वेगाने वाचू लागली. एक अक्षरही न येणाऱ्यांना अक्षरे कळू लागली. पण आली जेमतेम 8 टक्के मुले. शेकडो स्वयंसेवक उभे राहिले, एक पैसा न घेता शिकवत राहिले, आणि ज्यांना सर्वाधिक गरज होती त्यांतली बहुतेक मुले त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, कारण वर्ग शाळेच्या वेळेबाहेर होता आणि यायचे की नाही हे मुलावर सोडलेले होते.

इथे मागे वळून महापालिकेच्या त्या परवानगीकडे पाहा. मुंबईत बालसखीला शाळेच्या वेळेतले दोन तास मिळाले होते. मूल तिथे असायचेच. जौनपूरला पद्धत तीच, उत्साह बहुधा अधिक, पण शाळेचा दरवाजा नव्हता.

निकाल जाहीर झाले. पाठीराखे पळाले नाहीत. त्याच सुमारास ह्यूलेट आणि गेट्स या दोन फाउंडेशनच्या मदतीने प्रथमने 2007 मध्ये मुलांना वाचायला शिकवण्याची ‘रीड इंडिया’ मोहीम देशभर नेली. मोठ्या नावांचा आणि मोठ्या रकमांचा एक धोका असतो: आकडा फुगवायची घाई होते, लाख मुले, कोटी मुले. या धोक्यापासून प्रथम पूर्णपणे वाचली असे कुणी म्हणणार नाही. पण मोजणे थांबले नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत ते कामाला आले.

सरकार पाठीशी येते तेव्हा

सरकार हे सर्वांत मोठे पाठीराखे, आणि सर्वांत अवजड. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभर वर्ग घेतले, आणि मुले शिकली. तेच शिक्षक शाळेच्या वर्षात तेच साहित्य, तेच प्रशिक्षण घेऊन परतले तेव्हा काही झाले नाही. उत्तराखंडातही नाही. उन्हाळ्यात चांगले शिकवणारा माणूस जुलैत शिकवायला विसरतो असे नव्हे. जुलैत त्याच्यापुढे अभ्यासक्रम असतो, तपासणी असते, नोंदवह्या असतात. वरून साहेब ‘धडा कितवा?’ असे विचारतो. पेट्या भरून साहित्य दिले तरी त्याला दिवसातला वेगळा तास कुणी दिलेला नव्हता.

हरियाणात 2012-13 मध्ये हा धडा गिरवून काम झाले. शाळेच्या दिवसात एक तास वाढवला. त्या तासात तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता सोडून पातळीनुसार बसवली. आणि देखरेख करणाऱ्या तालुका पातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्यांना आधी पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांना शिकवायला लावले. ज्या साहेबांना उद्या शिक्षकांचे वर्ग तपासायचे होते, त्यांनी आधी त्याच वर्गांत मुलांसमोर खडू हातात धरला. भाषेत सुधारणा झाली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात प्रथमच्या कार्यकर्त्यांनी शाळेतच, शाळेच्या वेळेत, दहा-दहा दिवसांची शिबिरे घेतली. एकूण पन्नास दिवस. वाढ 0.6 ते 0.7 च्या घरात गेली. मुंबईत जे मिळाले होते त्याच्या दुपटीहून अधिक.

त्यानंतर ही पद्धत आफ्रिकेत गेली, झांबियात सरकारने ती घेतली. शिक्षणक्षेत्रातली दोन मोठी आंतरराष्ट्रीय पारितोषिकेही आली: 2012 मध्ये माधव चव्हाणांना वाइज, 2021 मध्ये प्रथमच्याच रुक्मिणी बॅनर्जी यांना यिदान. या सगळ्याचा आनंद आहे, त्यावर अधिक लिहायची गरज नाही.

न मिटलेला वाद

एक आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला आणि तो गंभीर आहे. साडेसातशे रुपयांत गरीब वस्तीतल्या मुलीकडून ते काम करून घ्यायचे, ज्यासाठी सरकार पूर्ण पगाराचा शिक्षक नेमते, हे न्याय्य आहे का? शिक्षक संघटनांना यात पदे कमी करण्याची चाहूल लागली. स्त्री-चळवळीतल्या लोकांना अंगणवाडीची आठवण झाली, जिथे काम वाढत जाते आणि ‘मानधन’ या नावाखाली पगार नाकारला जातो.

प्रथमच्या बाजूने सांगता येईल ते असे: दोन तासांचे काम, घराजवळ, ज्या मुलींना घरून दूर पाठवले जात नव्हते त्यांना पहिल्यांदा बाहेर पडायची संधी. हे खरे आहे. पण तेवढ्याने आक्षेप मिटत नाही. अभ्यासाने एक गोष्ट सिद्ध केली की या मुलींच्या कामाला मूल्य आहे, आणि ते संगणकाच्या प्रयोगापेक्षा स्वस्तात मिळते. हा ‘स्वस्त’ शब्द दरवेळी कौतुकाने वापरला जातो. ज्यांनी नाव दिले, पैसा दिला, मोजमाप दिले, त्यांच्यापैकी कुणीतरी मानधनाचा प्रश्नही तितक्याच ठामपणे लावून धरायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. सव्वादोन डॉलरचे चार डॉलर झाले असते तरी बालसखी संगणकापेक्षा स्वस्तच राहिली असती.

आज परिस्थिती कुठे आहे? 2024 च्या असर पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली तिसरीची 23.4 टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. 2022 मध्ये, कोविडनंतर, हा आकडा 16.3 होता. सुधारणा मोठी आहे. तरी चारातली तीन मुले अजून त्या ओळीच्या अलीकडेच आहेत. महाराष्ट्रात शेकडो लहान संस्था, मंडळे, महाविद्यालयांची एनएसएस पथके अभ्यासवर्ग चालवतात. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाला आमदार येतात, बिल्डर येतात, क्वचित एखादा अभिनेता येतो, शाल-श्रीफळ होते.

त्या पाहुण्यांकडून काय मागावे, याबद्दल या प्रकरणातून मला जे कळले ते मी संस्थाचालकांना सांगत असतो. आमदारांकडे शाळेच्या वेळेतला एक तास मागा, लेखी, शिक्षण विभागाच्या सहीने. बिल्डरकडे वह्या न मागता शिकवणाऱ्या ताईचा तीन वर्षांचा पगार मागा, वर्षाचा नको, कारण फायदा ओसरतो तो दुसऱ्या वर्षी. आणि दोघांनाही कागद दाखवून मुलांची चाचणी कशी होते ते समजावून सांगा, जूनमधले आणि मार्चमधले निकाल त्यांच्यापुढे ठेवा, वाईट आले असतील तर ते सर्वांत वर. त्यानंतरही जो पुढच्या जूनमध्ये फोन उचलतो, त्याचे नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापायला हरकत नाही. ताईचे नावही त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.